डोंगरातला रानमेवा: खाण्याजोगे फळ नेमके ओळखायचे कसे?

प्रश्न: होटगीरोडकर, सोलापूर

नमस्कार.

सोलापूरच्या माणसाने डोंगरी फळांविषयी विचारावे हे काहींना गमतीचे वाटेल, कारण आमच्याकडे डोंगर म्हणजे फार तर बार्शीकडची बालाघाटची रांग आणि रानमेवा म्हणजे संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत मिळणारी बोरे. परंतु माझ्या धाकट्या बहिणीचे सासर साताऱ्याच्या जावळी तालुक्यात, मेढ्याच्या पुढे डोंगराला लागून आहे. येत्या मे महिन्यात माझी दोन आणि भावाची तीन अशी पाच मुले पंधरा दिवस तिथे राहायला जाणार आहेत. तिथली मुले सकाळी घराबाहेर पडतात ती दुपारी जांभळ्या जिभा घेऊनच परत येतात. आमची मुले त्यांच्या मागे जाणार हे उघड आहे आणि मला त्याचीच धास्ती आहे.

धास्तीला कारण आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अक्कलकोट तालुक्यात नातेवाइकांच्या शेतावर गेलो होतो. शेताच्या कुंपणाला मोगली एरंड लावलेला होता. आमच्या तिघा मुलांनी त्याची वाळलेली फळे फोडून आतल्या काळ्या बिया सोलल्या, पांढरा गर शेंगदाण्यासारखा लागतो म्हणून एकमेकांना वाटला आणि खाल्ला. दोन-अडीच तासांनी तिघांनाही एकापाठोपाठ उलट्या सुरू झाल्या. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मिठाचे पाणी पाजले, त्याने उलट्या वाढल्याच. शेवटी तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेऊन रात्रभर सलाइन लावावे लागले. दुसऱ्या दिवशी मुले हसत घरी आली, पण मुलांनी काय खाल्ले हे आम्हाला मध्यरात्रीपर्यंत कळलेच नव्हते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता घरात दोन पक्ष झाले आहेत. सौभाग्यवतींचे म्हणणे, डोंगरात मुलांनी काहीही तोंडात घालायचे नाही. वडिलांचे म्हणणे, आम्ही उभा जन्म रानात खाल्ले, आम्हाला काय झाले? मला दोन्ही पटत नाही. मुलांना फळे ओळखायला शिकवावीत असे वाटते, परंतु शिकवणाऱ्यालाच येत नसेल तर काय शिकवणार? वडीलधाऱ्यांकडून काही ठोकताळे ऐकले आहेत: पक्षी खातात ते फळ माणसाला चालते, ज्याला पांढरा चीक येतो ते विषारी, कडू लागले तर थुंकावे, गोड लागले तर खावे, काळे पडले म्हणजे पिकले आणि पिकले म्हणजे निर्धोक. यांतले कोणते खरे धरावे? मोबाइलवर फोटोवरून झाड ओळखणारे एक ॲपही वापरून पाहिले, तर त्याने आमच्या गल्लीतल्या एकाच झुडपाला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे नाव दिले.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: बार्शीची_आत्या

आपण विचारले ते फार बरे केले. मी एकतीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आहे आणि दर वर्षी मुलांना घेऊन येडशीच्या रामलिंगाच्या रानात आणि पुढे सह्याद्रीतही हिंडले आहे, म्हणून थोडे अधिकाराने लिहिते.

प्रथम ते ठोकताळे. चारही सोडून द्या. ते कधीच खरे ठरत नाहीत असे नाही. अडचण अशी की ते दहा वेळा खरे ठरतात आणि अकराव्या वेळी मूल दवाखान्यात असते. पक्ष्यांचे घ्या. पिवळ्या कण्हेरीची फळे, म्हणजे मुले ज्यांना बिट्ट्या म्हणतात ती, कोकीळ पक्षी खातो आणि त्याला काही होत नाही; त्याच फळातली बी मुलाने चावली तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि एखाददुसरी बीसुद्धा जिवावर बेतू शकते. सोलापुरात रस्त्याच्या दुभाजकांवर, शाळांच्या आवारांत ही पिवळी कण्हेर हौसेने लावलेली असते, हे ध्यानात ठेवा. चिकाचे म्हणाल, तर करवंदाला भरपूर पांढरा चीक असतो, उंबराला असतो, चिकूला तर नावातच आहे, आणि हे सगळे आपण खातो. कडू-गोडाचा अनुभव आपण स्वतः घेतलाच आहे. मोगली एरंडाची बी कडू असती तर आपली मुले वाचली असती. आणि काळेपणाचे म्हणाल, तर बिट्टीचे हिरवे फळही पिकल्यावर काळेच पडते.

आता ओळखायचे कसे. आमच्या विद्यार्थ्यांची पहिली चूक हीच असायची की ते फळाकडे पाहायचे. फळ हा झाडाचा सर्वांत फसवा भाग आहे. दिवसागणिक रंग बदलतो, आकार बदलतो, आणि गोल, लहान, पिकल्यावर जांभळे होणारे फळ शंभर झाडांना येते. फळ झाकून ठेवायचे आणि उरलेल्या झुडपावरून नाव सांगता येते का ते पाहायचे. नाव सांगता आले, तरच झाकलेला हात काढायचा.

उदाहरणासाठी करवंद घेऊ, कारण मे महिन्यात तुमच्या मुलांची पहिली गाठ त्याच्याशीच पडेल. पाने जाड, वरून तुकतुकीत, आणि फांदीवर समोरासमोर जोडीने येणारी. पानांच्या बगलेत काटा, तोही समोरासमोर, आणि पुष्कळदा टोकाशी दुभंगलेला, म्हणजे लहानशी बेचकीच. देठ मोडला की पांढरा चीक. फूल पांढरे, पाच पाकळ्यांचे, जाईसारख्या वासाचे. फळांच्या दिवसांत एखाददुसरे चुकार फूल सापडते, त्याचा वास मुलांना घेऊ द्या. फळ फोडले तर आत चपट्या, तपकिरी, मोजक्या बिया. पान, काटा, चीक, बी ही चारही लक्षणे जुळली तर ते करवंद. तीन जुळली आणि एक जुळले नाही, तर ते करवंद समजायचे नाही, मग ते कितीही काळेभोर आणि रसाळ दिसो. गंमत म्हणजे करवंद आणि पिवळी कण्हेर एकाच कुळातली आहेत; चीक दोघांनाही आहे, पण कण्हेरीला काटा नाही, पाने अरुंद, लांबट आणि फांदीभोवती एकाआड एक येणारी, आणि फळ कोनाकोनांचे. ही तुलना मुलांना एकदा प्रत्यक्ष दाखवली की त्यांच्या डोक्यात ती कायमची बसते. कण्हेर तर तुम्हाला होटगी रोडवरच सापडेल. दाखवून झाल्यावर हात मात्र धुवायला लावा.

दुसरी गोष्ट, मुलांना एका सुट्टीत दहा फळे शिकवू नका. करवंद आणि जांभूळ एवढीच शिकवा. जांभळाचे झाड मोठे, त्याचे पान चुरगळले की ओळखीचा वास येतो, आणि फळात एकच बी असते. बाकी सगळ्याला हात लावायचा नाही, आधी आत्याला विचारायचे, एवढा एकच नियम. पुढच्या वर्षी आणखी दोन.

कामोणीविषयी तुम्ही विचारले नाही, तरी लिहिते, कारण ती तुमच्या शहरातही उगवते. हातभर उंचीचे रोपटे, मिरचीसारखी बारीक पांढरी फुले, आणि एकाच ठिकाणाहून निघालेल्या घोसात वाटाण्याहून लहान फळे. पूर्ण पिकलेली काळी-जांभळी फळे खेड्यांतली मुले खातात. हिरव्या, कच्च्या फळांत मात्र सोलानिन हे विषारी द्रव्य असते आणि त्याने पोटात कळा येतात, उलट्या होतात. घोसात पिकलेले आणि हिरवे शेजारी-शेजारी असतात, मुलाचा हात घोसावरच पडतो, म्हणून लहान मुलांना मी कामोणी शिकवत नाही. इंटरनेटवर बेलाडोनाची चित्रे पाहून कामोणीलाच ते महाविष समजणारे लोकही भेटतात. ती वनस्पती थंड हवेची आहे, आपल्या दख्खनच्या पठारावर ती उगवत नाही.

ॲपविषयी एवढेच म्हणेन की ते नाव सुचवायला ठीक आहे. पण झाडाचा चीक त्याला दिसत नाही आणि पानाचा वास येत नाही. त्याने सुचवलेले नाव खाण्याची परवानगी म्हणून घेऊ नका.

उत्तर: कोयनाकाठची

आत्यांनी लिहिलेले सगळे पटले. माझे माहेर जावळीतच आहे, म्हणून घरच्या ज्ञानातले काही जोडते.

करवंदांना आमच्याकडे विकणाऱ्या बायका 'डोंगरची काळी मैना' असे ओरडून विकतात. मुलांचा खेळ असा असतो की फळ हातात घेऊन समोरच्याला विचारायचे, कोंबडा की कोंबडी? मग फळ दाताने फोडायचे. आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी. तुमच्या मुलांना हा खेळ पहिल्याच दिवशी शिकवला जाईल. त्याचा एक फायदा असा की या खेळात मूल प्रत्येक फळ उघडून आत पाहते. मृगाचा पाऊस झाला की करवंदे पाणचट होतात आणि आत अळ्या सापडू लागतात, तेव्हा आत पाहिल्याशिवाय खाणे बरे नव्हेच. कच्ची करवंदे चिकामुळे ओठांना चिकटतात, थोडी चुरचुरही होते. ती लोणच्यासाठी ठेवायची.

मे महिन्यात तोरणेही मिळतील. पांढरी, वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, आत एकच बी. हे बोराच्याच जातीचे आहे, त्यामुळे काटा आकड्यासारखा वाकडा असतो आणि कपडे फाडतो. पानाची खालची बाजू मखमलीसारखी लागते. करवंदाचा काटा सरळ, तोरणाचा वाकडा, एवढे मुलांच्या ध्यानात सहज राहते, कारण दोन्ही टोचून झालेले असतात.

आता खरी सावधगिरी कुठे लागते ते सांगते, ती करवंदात नाही, आळवात आहे. शहरातल्या लोकांना अळू म्हटले की वडीच्या पानांचे आठवते. आमच्याकडे आळू म्हणजे एक काटेरी झाड, त्याला लिंबाएवढी गोल, पिकल्यावर पिवळसर-तपकिरी होणारी फळे येतात आणि ती आंबटगोड लागतात. आता त्याच रानात, तशाच काट्यांचे, तशीच गोल पिवळी फळे येणारे दुसरे झाड असते, ते गेळा. गेळफळ म्हणजे आयुर्वेदातले मदनफळ, वमन करवण्यासाठी वैद्य जे वापरतात ते. म्हणजे ते पोटात गेल्यावर काय होणार हे वेगळे सांगायला नको. माझ्या चुलतभावाने लहानपणी आळू समजून ते खाल्ले होते. दुपारभर तो ओटीवर बादली घेऊन बसला होता आणि आजी त्याला रागावूही शकत नव्हती, इतके तिला हसू येत होते. पुढे त्याला आळूसुद्धा कधी गेले नाही.

आजीने मग आम्हा सगळ्या भावंडांना अंगणात बसवले आणि दोन्ही फळे विळीवर आडवी कापून ताटात ठेवली. आळवात चार-पाच मोठ्या, टणक कोया होत्या, लाकडासारख्या. विळीचे पाते त्यांच्यावर अडखळले. गेळ्यात पाते सरळ खाली गेले आणि आत गरात दाटीने बसलेल्या पुष्कळ बारीक बिया दिसल्या. मग तिने फळांची डोकी दाखवली. गेळ्याच्या फळावर फुलाचा वाळलेला मुकुट टिकून असतो, डाळिंबावर असतो तसा पण लहान. चाळीस वर्षे होत आली, पण ते ताट अजून डोळ्यांपुढे आहे. बहिणीच्या सासरच्यांना सांगून मुलांसमोर ही दोन फळे एकदा कापून घ्या.

नावांविषयीही जपावे. एका खोऱ्यात ज्याला एक म्हणतात त्याला दुसऱ्या खोऱ्यात वेगळेच म्हणतात. महाबळेश्वराकडे एक लालसर, लांबट, आंबट फळ मिळते, ज्याच्या पानांची खालची बाजू चंदेरी असते. त्याला कुणी आंबगुळी म्हणते, कुणी आणखी काही. तेव्हा 'हे अमुक आहे, खा' असे कुणी म्हणाले तर नावापेक्षा म्हणणारा कोण, हे पाहावे. शेजारच्या वस्तीवरची गुरे राखणारी म्हातारी असेल तर डोळे मिटून ऐकावे. चौथीतला मुलगा असेल तर ऐकू नये, तो गावचा असला तरी.

आणखी दोन गोष्टी. करवंदीच्या जाळीत हात घालण्यापूर्वी काठीने जाळी हलवावी आणि पायांत बूट असावेत. दुपारच्या उन्हात सावलीला फुरसे बसलेले असते आणि ते मातीच्या रंगाचे असल्याने दिसत नाही. आणि गावाजवळची फळभरली जाळी बहुधा कुणाच्या तरी रोजीची असते. बायका पहाटे उठून करवंदे तोडतात आणि पळसाच्या द्रोणांत घालून रस्त्याच्या कडेला विकतात. मुलांनी ओंजळभर खावीत, पण पिशव्या भरून आणायच्या असतील तर त्यांच्याकडून विकत घ्याव्यात. त्यांच्या द्रोणातली करवंदे निवडलेली असतात, हाही आपलाच फायदा.

उत्तर: सात_रस्ता_दवाखाना

मी सोलापुरात लहान मुलांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. वरील दोन्ही उत्तरांत ओळखण्याविषयी पुरेसे आले आहे, म्हणून चूक झाल्यावर काय करावे एवढेच लिहितो.

मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे ही आपल्याकडची सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक चूक आहे. जास्त मिठाने मुलाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडते, आणि गुंगीत असलेल्या मुलाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. बोटे घालून उलटी करवू नये, आणि उतारा म्हणून दूध, तूप, लिंबू, यांतलेही काही देऊ नये. तोंडात उरलेले तुकडे बोटाने हलके काढावेत, मूल शुद्धीवर असेल तर चूळ भरायला लावावी, गुंगी येत असेल तर कुशीवर झोपवावे आणि निघावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. खेड्यात गाडी आधी मिळत असेल तर गाडीने निघावे.

निघताना त्या झाडाची फांदी सोबत घ्यावी. फळ, पान, शक्य असेल तर फूल, असे सगळे एकत्र असलेली वीतभर फांदी, कागदात गुंडाळून. मुलाने काय खाल्ले हे आपल्याला मध्यरात्रीपर्यंत कळले नव्हते असे आपण लिहिले आहे; माझ्याकडे येणाऱ्या अशा दहा मुलांपैकी आठांबाबत हेच होते. मोगली एरंड असेल तर मुख्यतः उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी जाते आणि ते सलाइनने भरून काढता येते. पिवळी कण्हेर असेल तर मूल खेळताना दिसले तरी त्याला दवाखान्यात ठेवून हृदयाचे आलेख काढत राहावे लागते, कारण बिघाड काही तासांनीही होऊ शकतो. धोतरा असेल तर तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात, मूल असंबद्ध बोलू लागते आणि अंग तापते. घरच्यांना तो बाहेरचा प्रकार वाटतो आणि वेळ तिथेच जातो. तिन्हींचा उपचार वेगळा आहे, आणि फांदी पाहिली तर तो पहिल्या पाच मिनिटांत ठरतो.

मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा: काही खाल्ले आणि ते सांगितले, तर मार बसणार नाही. मुले बोलत नाहीत ती विषामुळे नव्हे, भीतीमुळे.

गुंजेविषयीही लिहितो. लाल बी, एका टोकाला काळा ठिपका, दिसायला इतकी सुंदर की सोनारांनी तिला वजन केले; आठ गुंजांचा मासा हे आपल्या आजोबांच्या तोंडात असे. अख्खी गिळली तर तिच्या कठीण सालीमुळे पुष्कळदा ती तशीच बाहेर पडते, पण चावली किंवा माळ करण्यासाठी छिद्र पाडलेली गिळली, तर तिच्यातले विष प्राणघातक आहे. डोंगरातल्या कुंपणांवर तिच्या शेंगा उन्हाळ्यात तडकून उघड्या दिसतात. ती खाण्याची वस्तू नाही हे मोठ्यांना माहीत असते, तीन वर्षांच्या मुलाला नसते.

उत्तर: नान्नजचा_माळ

वरील सर्वांबद्दल आदर ठेवून एक वेगळा सूर लावतो. फळे ओळखायला शिकण्यासाठी जावळीपर्यंत थांबायचे कशाला? आपल्या सोलापूरच्या कोरड्या माळावर जे उगवते ते मुलांना आधी शिकवा. इथे झाडे विरळ असल्याने प्रत्येक झुडूप सुटे दिसते, सह्याद्रीतल्यासारखी गिचमिड नसते.

बोर तर सगळ्यांना माहीत आहेच, पण गुडघाभर उंचीच्या काटेरी झुडपांना लागणारी लहान चन्यामन्या बोरे शहरातल्या किती मुलांनी झाडावर पाहिली आहेत? बोराच्या पानावर बुडापासून निघणाऱ्या तीन ठळक शिरा आणि पानाची पांढुरकी खालची बाजू, ही ओळख एकदा शिकली की तोरण ओळखणेही सोपे जाते. पांढरफळी आहे, गोंधणी आहे, पावसाळ्यानंतर कागदी कंदिलासारख्या आवरणात पिकणारी चिरबोटी आहे. फड्या निवडुंगाची लालभडक बोंडे आहेत. त्या बोंडांवरचे मोठे काटे दिसतात, पण केसांहून बारीक काट्यांचे झुपके दिसत नाहीत आणि ते जिभेत, ओठांत, बोटांत रुतून बसतात. आमच्या वस्तीवर बोंड चिमट्याने तोडतात, निखाऱ्यावर फिरवून कूस जाळतात, मग साल काढतात. मुलांनी स्वतः होऊन हे करू नये.

इथे एक गोष्ट सह्याद्रीपेक्षा वाईट आहे, ती म्हणजे फवारणी. द्राक्ष, डाळिंब आणि उसाच्या पट्ट्यात बांधावरची कामोणी किंवा चिरबोटी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कितीही खाण्याजोगी असो, तिच्यावर आदल्या दिवशी तणनाशक किंवा कीटकनाशक पडलेले असू शकते, आणि धुतल्याने ते सगळे जात नाही. बागेच्या बांधावरचे काहीही खाऊ नये.

आणि कायद्याचे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचे आहे. अभयारण्यातील वनस्पतींनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, तिथून परवानगीशिवाय काही तोडून नेता येत नाही. जावळीच्या बाजूलाही कोयना अभयारण्य आहे. तेव्हा मुले कुठल्या हद्दीत हिंडतात हे गावकऱ्यांना विचारून घ्यावे.

होटगीरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. आत्यांनी सांगितल्याप्रमाणे काल संध्याकाळी पाचही मुलांना घेऊन रस्त्यावरची पिवळी कण्हेर पाहिली. धाकट्याने विचारले, 'मग कोकिळेला का होत नाही?' त्याचे उत्तर मला देता आले नाही. डॉक्टरांचे मार न देण्याचे वाक्य सौभाग्यवतींनी मुलांदेखत मोठ्याने वाचले; त्यावर थोरल्याने तिथल्या तिथे कबूल केले की इमारतीच्या मागच्या झाडाची निंबोळ्यांसारखी फळे त्याने मागच्या आठवड्यात चाखली होती, थोडी गोड लागली, आणि काही झाले नाही.

आम्ही त्या झाडाला कडुनिंबच समजत होतो. परंतु आता पाहिले तर फळे निंबोळीसारखी लांबट नसून गोल आहेत, पिवळी पडून घोसांनी लटकत आहेत, आणि झाडाला पाने जवळजवळ नाहीत. कडुनिंबाला या दिवसांत अजून मोहोरही पुरता आलेला नाही. मग हे काय आहे? फोटो जोडला आहे.

बार्शीची_आत्या

फोटोत फळेच दिसतात, म्हणजे मी जे करू नका म्हणाले तेच तुम्ही केलेत. तरी पाने गळून गेल्यावरही गोल पिवळी फळे घोसाने लटकत राहणे हे बकाणा निंबाचे लक्षण आहे, आणि तो असेल तर काळजी करण्यासारखे आहे. निंबोळीचा पिकलेला गर आपल्याकडची मुले चोखतात, त्याने सहसा काही होत नाही. बकाणा निंबाची फळे मात्र विषारी आहेत. पोटाबरोबर मज्जासंस्थेवरही त्यांचा परिणाम होतो. एखादे फळ चाखून थुंकल्याने आणि त्याला आठवडा होऊन गेल्याने थोरल्याची आता चिंता नको, पण पुन्हा नको.

खात्री करायची असेल तर फांदीच्या टोकाशी एखादे तरी पान उरले असेल ते शोधा. कडुनिंबाच्या पानाला एकच मधली काडी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना करवती कडेच्या पर्णिका. बकाणा निंबात त्या मधल्या काडीला आणखी काड्या फुटतात आणि पर्णिका त्या काड्यांवर येतात, म्हणजे पान दोनदा विभागलेले. शेजारी खऱ्या कडुनिंबाचे पान ठेवून पाहा, मुलांनाच पाहू द्या.

धाकट्याला सांगा की कोकीळ गर खातो आणि बी चावत नाही, त्याला दात नसतात. विषाचा मोठा भाग बीत असतो. याहून पूर्ण उत्तर मोठा झाल्यावर त्याने शोधावे.

होटगीरोडकर

शेंड्याजवळ एक पान सापडले. मधल्या काडीला दोन्ही बाजूंनी काड्या फुटलेल्या आहेत, पर्णिका त्यांच्यावर आहेत. थोरल्याने कडुनिंबाचे पान शेजारी ठेवून स्वतः मोजले आणि म्हणाला, 'हा निंब नाही.' झाड सोसायटीचे असल्याने रविवारच्या बैठकीत विषय ठेवला आहे. तोपर्यंत मुले खाली उतरायच्या आत, सकाळी सातला, पहारेकरी काका खाली पडलेली फळे झाडून टाकणार आहेत.